दादा नदीत पडला तो दिवस

यंदा जानेवारीत दादा सुट्टीला आला, तेव्हा विमानतळावर त्याच्या ट्रॉलीवर दोन बॅगा होत्या आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली एक लांब, हिरव्या कापडाची नळी. मी नळीकडे बघितलं तशी वहिनी म्हणाली, "आता तूच सांग ह्यांना. मी सांगून थकले."

नळीत मासे पकडायची काठी होती.

दादा माझा मोठा भाऊ. गेली कित्येक वर्षं तो न्यूझीलंडमध्ये असतो. एका दुधाच्या कारखान्यात तो यंत्रं सांभाळायचा. सांभाळायचा म्हणते, कारण आदल्या वर्षी त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, सगळं एकदम गेलं. त्यातला पाय बराचसा परत आला. तो आधाराशिवाय चालतो, फक्त जरा ओढत. बोलणंही आलं, पण बोलता बोलता मध्येच एखादा साधा शब्द अडकतो, 'चमचा' किंवा 'दरवाजा', आणि तो शब्द सापडेपर्यंत दादा ओठ घट्ट मिटून थांबतो. हात मात्र मनावर घेत नाही. कप धरतो, पण शर्टाचं बटण लावत नाही.

तिकडे सुट्टीच्या दिवशी नदीत उभं राहून मासे पकडायचे हा त्याचा जुना नाद. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात तसं ते नसतं. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बनवायची, ती इतकी हलकी की नुसती फेकली तर पुढ्यातच पडेल. म्हणून दोरच जड असतो. काठीने तो दोर हवेत मागे-पुढे खेळवायचा आणि मग पाण्यावर अलगद उतरवायचा. दादा पूर्वी व्हिडिओ पाठवायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभा, डोक्यावर टोपी, आणि पिवळा दोर हवेत वेटोळी घेतोय. शेवटी एखादा मासा यायचा, तो हातात धरून दादा कॅमेऱ्याला दाखवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. ते बघून माझा नवरा दर वेळी म्हणायचा, "एवढी मेहनत करून सोडून काय देतो गं हा माणूस?"

झटक्यानंतर ते व्हिडिओ बंद झाले.

डोंबिवलीला आमच्या घरी आल्यावर पहिले काही दिवस येणं-जाणं, भेटीगाठी यात गेले. जो येईल तो दादाशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचा, जणू त्याला ऐकूच येत नाही. तो हसून मान हलवायचा. जेवताना मी त्याच्या ताटात पोळीचे तुकडे करून ठेवायला गेले, तर त्याने ताट बाजूला ओढलं. मी परत तसं केलं नाही.

मग वहिनी चार दिवस कळव्याला तिच्या आईकडे राहायला गेली आणि त्याच संध्याकाळी दादा म्हणाला, "काळूवर जायचं का?"

काळू म्हणजे नदी. टिटवाळ्याच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात माझी शाळेतली मैत्रीण दिलेली आहे. आमचं लहानपण मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. आम्ही मूळचे देशावरचे, घरात सुकट सोडली तर मासा म्हणून काही माहीत नव्हता. ही मैत्रीण आगरी, शेजारच्याच आळीतली. तिच्या आईने मला काटे काढून मासा खायला शिकवला. आणि दादाला पहिला गळ तिच्या वडिलांनी करून दिला होता. नदीवर जायचं तर तिच्याचकडे, हे त्याने न सांगताही मला कळलं.

मी वहिनीला फोन केला. ती बराच वेळ 'नाही' म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, "काठावर बसू दे. पाण्यात उतरू द्यायचं नाही. तिकडे डॉक्टर बोललेत, पडायचं नाही म्हणजे नाही."

"काठावरच बसवते," मी म्हटलं.

मी ठाण्याला एका रक्तपेढीत काम करते. दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी गाडी काढली. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंच. मानपाड्याच्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, पुढे कल्याण, शहाड करत मोहन्याला पोहोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलेलं. नाक्यावर एका गाडीवर भजी तळत होते. दादाने काच खाली केली आणि नुसता वास घेतला. मी गाडी बाजूला लावली.

कांदाभजी, पाव आणि तळलेल्या मिरच्या. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही उभ्या उभ्या खाल्लं. दादा डाव्या हाताने खात होता. समोर कारखान्याची लांबच लांब भिंत होती, तिच्यावर झाडं उगवलेली. वडील याच भिंतीकडेने सायकलवरून घरी यायचे. दादाने मिरची चावली, डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि म्हणाला, "तिकडे सगळं मिळतं. हे नाही मिळत."

"कागद बदलू का? तेलकट झालाय."

"नको. हाच पाहिजे."

मैत्रिणीचं घर गावाच्या कडेला आहे. मागे भाताची खाचरं, आता त्यांत वाल पेरलेला, आणि खाचरांच्या खाली उतरलं की नदी. गाडीचा आवाज ऐकून ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. आमच्याशी ती आगरीतच बोलते, इतरांशी शाळेतलं मराठी.

"आली गो बाय! कवाशी वाट बगतंय!" मग दादाकडे वळली. त्याच्याकडे तिने वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, ओढत टाकलेल्या पायाकडेही बघितलं, आणि नजर लपवली नाही. "दादा, किती बारीक झालाव तुमी. तिकरं खायाला नय देत का कोन?"

दादा हसला. डोंबिवलीत हसत होता तसं नाही, खरं हसला.

चहा झाला. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, अंगणात मडकं धुऊन ठेवत होते. दुपारी पोपटी लावायची होती. वालाच्या ओल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात भरून मडकं उलटं करायचं आणि चहूबाजूंनी जाळ करायचा. भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं रोप. थंडीत सगळीकडे असतं, वास उग्र. भावोजींनी एक पान चुरगळून दादाच्या नाकाशी धरलं. दादाने डोळे मिटले. "हां," तो म्हणाला. "हां. हेच."

मग आम्ही नदीवर गेलो.

थंडीत काळू शांत असते. पाणी कमी, खडकांमधून वाहतं आणि मध्ये मध्ये डोह होऊन थांबतं. काठाला करंजाची झाडं. दादाने एका सपाट खडकावर बसून नळी उघडली. काठीचे तुकडे एकात एक बसवायचे असतात. डाव्या हाताने एक तुकडा, गुडघ्यांत दुसरा. मी पुढे झाले नाही. ताटाचा प्रसंग डोक्यात होता. बराच वेळ गेला, पण त्याने काठी जोडली.

खिशातून त्याने एक चपटी डबी काढली. आत माश्या, फोमच्या खाचांत ओळीने टोचलेल्या. तपकिरी, काळ्या, काही मोराच्या पिसाच्या, उन्हात हिरव्या चमकणाऱ्या. नखापेक्षा लहान.

"तू बनवल्यास?"

"आधी," तो म्हणाला.

मला ते समजायला एक क्षण लागला. झटक्याच्या आधी. आता त्या डबीत उरल्या होत्या तेवढ्याच माश्या, नवी होणार नव्हती. असली गाठ दोन चांगल्या हातांशिवाय बसत नाही.

माशी दोराला बांधायचं काम मात्र त्याने माझ्याकडे दिलं. चष्मा लावून, तो सांगेल तशी मी गाठ मारली. मग तो खडकावर उभा राहिला, काठी डाव्या हातात घेतली आणि दोर मागे फेकला. दोर मागच्या गवतात अडकला. सोडवला. परत फेकला, तर पुढ्यातच वेटोळं होऊन पडला. पुन्हा. पुन्हा. मागे काठी नेताना त्याचा उजवा हात आपोआप पुढे यायचा, दोर सांभाळायला, पण बोटं वेळेवर मिटायची नाहीत. असं होता होता दोराचा असा गुंता झाला की त्याने काठी खडकावर ठेवून दिली. आपटली नाही, ठेवली. ते मला जास्त लागलं.

तो पाण्याकडे बघत बसला. मी गुंता सोडवत बसले. 'होईल हळूहळू' हे वाक्य त्याने वर्षभर सगळ्यांच्या तोंडून ऐकलं असणार.

गुंता सुटला. मी म्हटलं, "मला शिकव."

"तुला?"

"मग काय झालं? पोहायला तूच शिकवलंस ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पन्नाशी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई. मी चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी असं गार की हाडापर्यंत गेलं.

"मागे ने," तो खडकावरून म्हणाला. "थांब. थांब! घाई करतेस. दोर मागे सरळ होऊ दे. आता पुढे."

दोर माझ्या डोक्यावर पडला.

"मनगट नाही वापरायचं. कोपर. दार ढकलतेस तसं. परत."

मी परत फेकला. परत. पाठीमागे दोर सरळ होतो तेव्हा काठीला हलका हिसका बसतो, तो ओळखायचा आणि मग पुढे आणायचं. तेवढा वेळ थांबणं हीच सगळी गंमत आहे, आणि मला तेच जमत नव्हतं. एकदा जोरात मागे नेला तर माशी करंजाच्या फांदीत अडकली आणि तुटली. मोराच्या पिसाची होती. मी चेहरा पाडून त्याच्याकडे वळले.

"दादा, सॉरी. गेली."

"जाऊ दे. झाडाला लागली नाही असा दिवस..." तो शब्द शोधायला थांबला, मग तो नाद सोडून म्हणाला, "रोज एक तरी जायची माझी. दुसरी बांध."

मी दुसरी बांधली. तो बोलत राहिला. मासा कुठे असतो, खडकाच्या कोणत्या बाजूला, वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी मिळतं ती रेघ कशी ओळखायची, आपली सावली पाण्यावर का पडू द्यायची नाही. मी पाठमोरी होते, त्यामुळे मला उशिरा लक्षात आलं की तो बराच वेळ अडखळलेला नाही. शब्द एकामागून एक येत होते, पूर्वीसारखे. मी वळून बघितलं नाही. बघितलं तर ते थांबेल असं वाटलं.

आणि मग काठी वाकली.

दोर ताठ झाला आणि काहीतरी जिवंत, जोरकस, माझ्या हातातून दोर ओढून नेऊ लागलं. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण खाचरात असलेल्या मैत्रिणीला ऐकू गेलं म्हणे.

"काठी वर! ओढू नकोस, वर धर!"

"दादा, ये! मला नाही जमत! ये ना!"

आणि तो आला. मी बोलावलं म्हणून आला, हे नंतर माझ्या लक्षात आलं. खडकावरून तो चपलांसकट पाण्यात उतरला, माझ्या दिशेने दोन-तीन पावलं टाकली आणि शेवाळलेल्या दगडावरून त्याचा उजवा पाय सटकला. मी बघत असतानाच तो मागच्या मागे खाली गेला. पाणी उडालं. पुढच्या क्षणी तो नदीत बसलेला होता, छातीपर्यंत पाण्यात.

मी काठी टाकून त्याच्याकडे धावणार, तेवढ्यात तो ओरडला, "काठी सोडू नकोस!"

इतक्या स्पष्ट, इतक्या मोठ्या आवाजात की मी जागच्या जागी थांबले. लहानपणी ओरडायचा तसा आवाज.

वरून भावोजी धावत आले, त्यांच्यामागे मैत्रीण. मी दोन्ही हातांनी काठी धरून उभी, मासा एकीकडे ओढतोय, भाऊ नदीत बसलाय, आणि माझ्या डोळ्यांसमोर वहिनीचा चेहरा. मग मला आवाज ऐकू आला. दादा हसत होता. पाण्यात बसून, खांदे हलवत, तोंडावरचं पाणी पुसत हसत होता. हसू थांबेना त्याला. "अगं, गार आहे!" तो म्हणाला. "काय गार आहे!"

"लागलं का?"

"मासा आण इकडे. इकडे आण, माझ्याकडे."

मी हळूहळू मागे सरकत मासा त्याच्या बाजूला आणला. त्याने डाव्या हाताने दोर धरला आणि उजवा हात पाण्याखालून माशाच्या पोटाखाली नेला. पकडायचं नव्हतं, नुसतं खाली धरायचं होतं, तेवढं त्या हाताला जमलं. मासा वर आला. चिलापी. आपल्याकडच्या नद्यांत आता सगळीकडे असते ती, काळपट, पाठीवर काटेरी पंख. तळव्यापेक्षा थोडी मोठी. फार सुंदर मासा म्हणतात तसा नाही. पण मी इतकं निरखून कुठल्याच माशाकडे आजवर बघितलं नव्हतं.

त्याने आकडा काढला आणि, सवयीने असेल, हात खाली नेला. मासा क्षणभर त्याच्या तळहातावर थांबला आणि गेला.

काठावरून मैत्रीण किंचाळली, "सोरला? दादा, सोरला तुमी? येवरा जीव काढलाव नं सोरून दिला?"

भावोजी तोवर पाण्यात उतरून त्याला हात द्यायला आले होते. दादाने मान हलवली. "थांबा जरा."

त्याने आधी अंग वळवलं. मग गुडघ्यांवर आला. डावा हात खडकावर टेकवला, डावा पाय खाली रोवला आणि जोर लावला. पहिल्यांदा जमलं नाही. परत बसला, श्वास घेतला. भावोजी हात पुढे धरून उभे, मी काठी धरून उभी. दुसऱ्या खेपेला तो उठला. खडक धरून, मग खडक सोडून. पाणी निथळत होतं त्याच्या अंगावरून.

झटका आल्यापासून वर्षभर सगळ्या घराने एकच भीती सांभाळली होती, की हा पडेल. न्यूझीलंडच्या घरात वहिनीने सगळे गालिचे काढून टाकले होते, न्हाणीघरात दांडे बसवले होते, आणि तो ते निमूट सहन करत होता. आता तो पडला होता आणि उठला होता.

मला रडू आलं. मी ते नदीच्या पाण्याने धुतलं.

मैत्रिणीने त्याला भावोजींची लुंगी आणि बनियन दिलं, वर एक घोंगडी. अंगणात उन्हात बसवलं, हातात आल्याचा चहा दिला. मला वाटलं तो आता थकेल, आडवा होईल. पण पोपटीचा जाळ विझत आला होता आणि तो त्याकडे डोळे लावून बसला होता.

भावोजींनी लाकडाने निखारे बाजूला केले, ओल्या गोणपाटाने मडकं धरून सुलटं केलं आणि वरचा पाला काढला. जो वास आला तो मला सांगता येणार नाही. भाजलेल्या पाल्याचा, ओव्याचा थोडासा, शेंगांचा गोडसर, मातीचा. केळीच्या पानावर बरंचसं ओतलं. शेंगा आपल्याच पाण्यात शिजलेल्या, बोटाने दाबली की दाणा बाहेर. मैत्रिणीने आतून तांदळाच्या भाकऱ्या आणल्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि तव्यावर तांदळाच्या पिठात घोळून तळलेली चिलापी. भावोजींनी सकाळीच जाळ्यात धरलेली.

"हिला नय सोरली मी," तिने दादाच्या पानावर मासा वाढताना सांगितलं. "पकरला तं खावाचा. नय खावाचा तं पकरावाचा कशाला?"

दादाने तिला समजावायचा प्रयत्न केला. तिकडे नियम आहेत, छोटा मासा सोडायचा, शिवाय मासा हा काही सगळा खाण्यासाठीच... इथे त्याचा शब्द अडकला. तिने वाट बघितली. घाई केली नाही, शब्द सुचवला नाही. तो सापडेना तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेवा आदी."

आणि बोलता बोलता ती त्याच्या पानाजवळ बसली, मासा आपल्या बोटांनी उघडला, मधला काटा उचलून बाजूला ठेवला आणि बारीक काटे काढून मांस त्याच्या भाकरीशेजारी सारलं. मला वाटलं, आता हा पान ओढून घेईल. पण त्याने तिच्याकडे बघितलं आणि खायला लागला. लहानपणी आम्हाला तिची आई असंच करून द्यायची, आमच्या घरातल्या कोणालाही काटे काढता येत नव्हते. त्या घरात असं करणं म्हणजे आजारी माणसाची सेवा नव्हती, जेवायला आलेल्या माणसाला वाढणं होतं. कदाचित म्हणून असेल.

तो खूप जेवला. शेंगा खाताना तर तो थांबेचना. दाताने शेंग ओढायची, साल टाकायची, त्याला दोन हात लागत नाहीत. त्याच्यासमोर सालांचा ढीग झाला. "अजून आहेत?" त्याने विचारलं तेव्हा भावोजींनी मडकं हलवून तळाच्या शेंगा काढून दिल्या.

जेवण झाल्यावर मला वाटलं, निघू. वहिनीला कळायच्या आत घरी पोहोचू. पण दादा लुंगीवरच उठला, काठी घेतली आणि म्हणाला, "जरा जाऊन येतो."

"मी येते."

"तू बस. इथून दिसतो मी."

मी बसले. मैत्रीण ओल्या वालाच्या शेंगा सोलत होती, माझ्याबरोबर द्यायला. मीही सोलायला घेतल्या. खाली नदी दिसत होती. दादा खडकावर उभा राहिला. या वेळी त्याने उजवा हात सरळ लुंगीच्या गाठीत खोचून ठेवला, म्हणजे तो मध्ये येणार नाही. आणि डाव्या हाताने दोर फेकू लागला. बहुतेक वेळा वाईट पडायचा. एखाद्या वेळी पिवळा दोर हवेत लांब सरळ जायचा आणि पाण्यावर आवाज न करता उतरायचा. मासा काही लागला नाही. त्याला त्याची फिकीर दिसत नव्हती.

मैत्रीण म्हणाली, "त्यो गेला असता तं काय केलं असतंस गो तू?"

असा प्रश्न फक्त तीच विचारू शकते. दादाला झटका आल्याचा वहिनीचा फोन आला त्या दिवशी मी रक्तपेढीत होते. समोर दात्यांची रांग, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. त्या वेळी मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं ते मलाच माहीत. त्यातलं काहीच मागे घेतलं नाही मी. पण नंतरच्या धावपळीत, हाताचं काय, बोलण्याचं काय, नोकरीचं काय, या काळजीत एक गोष्ट राहूनच गेली. तो आहे, याचा आनंद करायचा राहून गेला. तो त्या दुपारी केला, शेंगा सोलता सोलता. समोर तो चालता-बोलता होता, दुसऱ्याच्या लुंगीत, नदीवर, पोट भरलेला. मला वाटतं मी तेव्हा मैत्रिणीचा हात दाबला, कारण ती म्हणाली, "शेंगा सोल तू."

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. मैत्रिणीने वालाची पिशवी, तांदळाच्या पिठाची पिशवी आणि मसाल्याची बरणी गाडीत ठेवली. दादाला तिने सांगितलं, "पुढच्या येलेला येकटेच या. ही बाय लय ओरडते." दादाने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, लहान बहिणीच्या ठेवतात तसा.

वाटेत तो गाढ झोपला. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये भोंगे वाजत होते तरी जागा झाला नाही.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि वहिनीचा फोन आला. मी तो दादाकडे दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ऐकू येत होतं.

"मी पडलो," दादा म्हणाला. काही प्रस्तावना नाही. "नदीत."

पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण बराच वेळ आलं.

"नाही. कोणी नाही उठवलं. मीच उठलो." मग पुन्हा एकदा, सावकाश, "मीच उठलो गं."

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. त्याने फोन जरा बाजूला धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "रडतेय ती."

"रडू दे," मी म्हटलं, आणि त्याचा कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.